वहीतली तेहतीस स्वच्छ पानं

शहरातल्या अकरा इमारतींच्या लिफ्ट ज्या माणसाच्या जिवावर चालतात, तो माणूस स्वतः तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि त्याच्या इमारतीला लिफ्ट नाही. चौपन्न पायऱ्या आहेत. रोज संध्याकाळी त्या चढताना तो दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबतो, हत्यारांची पिशवी या हातातून त्या हातात घेतो, खिडकीबाहेर काहीतरी महत्त्वाचं दिसल्यासारखं बघतो, आणि गुडघ्यांची कुरकुर जरा कमी झाली की पुढे निघतो. त्या खिडकीतून समोरची भिंत आणि एक गळका पाइप एवढंच दिसतं, हे सगळ्या जिन्याला माहीत आहे. तरी कोणी विचारलंच तर तो म्हणतो, "हवा बघत होतो."

इमारतीत त्याला वरखाली म्हणतात. बायकोसुद्धा, तो ऐकण्याच्या टप्प्यात नसला, की शेजारणींशी बोलताना "आमचे वरखाली" म्हणूनच सुरुवात करते. स्वभावाने मात्र तो अजिबात वरखाली नाही. भिंतीला लावलेल्या कपाटासारखा शांत, रुंद आणि हलवायला जड. वय त्रेपन्न. चौदा वर्षांपूर्वी तिकडून इकडे आला. तिकडे म्हणजे जिथे जन्मला तो देश आणि इकडे म्हणजे हा. त्यांच्या घरात एवढ्या दोन शब्दांत सगळा भूगोल भागतो.

बायको दातांच्या दवाखान्यात पेशंटांना वेळ देण्याचं काम करते. तिला दोन वर्षांपूर्वीच इकडचं नागरिकत्व मिळालं, आणि तेव्हापासून नवऱ्याची खैर नव्हती. बशीत कप तसाच राहिला, की ती म्हणायची, "परदेशी पाहुण्यांनी आपापला कप विसळून ठेवावा." तो विसळून ठेवायचा. नागरिक व्हायची त्याला स्वतःला काही घाई नव्हती. झेंडा कुठलाही असला तरी मोटर तीच आणि ग्रीस तेच, असं त्याचं म्हणणं.

मग सरकारी लिफ्ट तपासनिसाच्या जागेची जाहिरात आली.

ही जागा दोन-तीन वर्षांतून एकदा सुटते. तपासनीस शाफ्टमध्ये, म्हणजे लिफ्टच्या विहिरीत, उतरत नाही, खालच्या खड्ड्यात गुडघे टेकत नाही, लोखंडी शिडीवरून मशीन रूममध्ये सामान ओढून नेत नाही. तो इस्त्रीच्या शर्टात येतो, लिफ्टमधून वर जातो, लिफ्टमधून खाली येतो, दुसऱ्याने केलेल्या कामावर बोट ठेवतो आणि वहीत सही करतो. त्याला खुर्ची असते. वयाची अट पंचावन्नच्या आत, कामाचा अनुभव वीस वर्षांचा, आणि फॉर्मबरोबर नागरिकत्वाचा दाखला. पहिल्या दोन अटी वरखालीच्या मापाने शिवल्यासारख्या होत्या. गुडघ्यांच्या डॉक्टरांनी तर आधीच सांगून ठेवलं होतं, की असंच चढणं-उतरणं चालू राहिलं तर अजून तीन वर्षं, फार तर चार. तेव्हा राहता राहिला दाखला.

त्याने अर्ज केला.

अर्जाचा नियम ऐकायला सोपा होता. गेल्या पाच वर्षांत देशाबाहेर काढलेले दिवस एकशे ऐंशीच्या वर जाता कामा नयेत. कुठे, कधी गेलात, कधी परत आलात, सगळं तारखांसह लिहायचं. पासपोर्टवर शिक्के असतातच, बघून उतरवायचं, त्यात काय मोठंसं.

पण हा पासपोर्ट वरखालीचा होता. पहिल्या भेटीच्या दिवशी अर्धा दिवस काम करून तिथूनच कार्यालयात जायचं ठरलं होतं, म्हणून त्याने तो डांगरीच्या छातीवरच्या खिशात ठेवला. प्लास्टिकच्या पिशवीत घाला, असं बायकोने दारात दोनदा सांगितलं होतं. सहाव्या इमारतीच्या लिफ्टखालच्या खड्ड्यात पाणी झिरपून घोटाभर साचलं होतं, वर तेलाचा तवंग. पडलेला स्क्रू उचलायला तो वाकला आणि पासपोर्ट त्याच्या आधी खाली पोचला. त्याने तो मोटरच्या गरम अंगावर वाळत ठेवला. घरी बायकोने फडक्याखाली घालून इस्त्री केली. पानं सुटी झाली खरी, पण शिक्क्यांचे निळे ढग झाले होते.

कार्यालयाने तो ढगाळ पासपोर्ट ठेवून घेतला आणि बोटांचे ठसे घेतले. उजव्या अंगठ्याशी यंत्राचं काही जमेना. चार वेळा पुसून, दाबून झाल्यावर कुठे ठसा उमटला, आणि तोही अर्ध्यातून आडवा चिरलेला. लिफ्टच्या तारेचा एक सुटा धागा एकदा अंगठ्यात घुसला होता, त्याची ती कायमची खूण. ठसे घेणारी मुलगी म्हणाली, "काका, हा कुठेही ओळखू येईल." त्याला ते कौतुक वाटलं.

महिन्याभराने पत्र आलं. शिक्के वाचता येत नाहीत. पाच वर्षांतल्या सगळ्या प्रवासांची यादी द्या, आणि बाकीचे दिवस तुम्ही देशातच होतात याचा पुरावा घेऊन अमुक तारखेला या.

"त्यांच्याकडे स्वतःची नोंद नसेल का?" त्याने बायकोला विचारलं.

"असेल."

"मग मला कशाला विचारतात?"

"तुम्ही खरं सांगता का ते बघायला," ती म्हणाली आणि भाजी चिरत राहिली.

यादी तिनेच सांगितली. दवाखान्यात कोण कधी आलं आणि कोण न येता फोनवर कण्हत खोटं बोललं, हे तिला वर्षानुवर्षं पाठ असतं. घरच्या रजा तर तिच्या बोटांच्या पेरांवर होत्या. भावाच्या पायाचं ऑपरेशन झालं तो उन्हाळा, बेचाळीस दिवस. परतीचं विमान रद्द होऊन वर आठ दिवस लांबले ते, अडतीस. मग एकतीस, पस्तीस, आणि मागच्या वर्षीचे बावीस. बेरीज एकशे अडुसष्ट. बारा दिवस शिल्लक. तो बारा आकडा वरखालीने कागदावर दोनदा गोल केला. कितीतरी दिवसांनी त्या घरात कोणीतरी कशाकडे तरी खूश होऊन बघत होतं.

पुराव्याचं मात्र अवघड होतं. लिफ्ट कंपनीचे मालक पाच वर्षांत दोनदा बदलले होते आणि जुन्या मालकांबरोबर जुने हजेरीपट गेले होते. इथेही बायकोच कामाला आली. "तुम्ही दर आठवड्याला अकरा ठिकाणी सही करता ना? मग पाच वर्षं तुम्ही कुठे होतात ते शहरभर लिहून ठेवलेलं आहे."

बरोबर होतं. प्रत्येक लिफ्टची एक वही मशीन रूममध्ये टांगलेली असते. एका फेरीला एक पान. ब्रेक, तारा, दारं, घंटा, एकेकावर खूण करायची आणि खाली दोघांनी सह्या करायच्या. दोघांनी, कारण लिफ्ट एकट्याने उघडायची नाही असा कायदा आहे. एक माणूस वर, एक खाली. वरचा माणूस म्हणजे त्याचा जोडीदार कप्पी. सारखा करकरतो म्हणून कप्पी. तो मोटरच्या बाजूचं काम बघतो आणि आल्या आल्या, स्वच्छ हातांनी, आधी सही करून मोकळा होतो. काम संपल्यावर सही करायची आपल्याला आठवण राहत नाही, हे त्याने स्वतःबद्दल फार पूर्वी ओळखलं आहे. वरखाली खड्ड्यातून, ग्रीसमधून शेवटी वर येतो आणि मग सही करतो. मशीन रूमच्या पंख्याने पान फडफडतं, म्हणून सही करण्याआधी तो उजव्या अंगठ्याने ते खालच्या कोपऱ्यात दाबतो, मग तिथे डावा हात ठेवून पेन उचलतो. वीस वर्षांची सवय. दर पानाच्या कोपऱ्यात काळा अंगठा.

भरलेल्या वह्या तिथेच पत्र्याच्या पेटीत पडून असतात. दर इमारतीच्या दोन, अशा बावीस वह्या गोळा करायला त्याला दोन आठवडे लागले. लिफ्ट शेवटच्या मजल्यापर्यंतच जाते. मशीन रूम त्याच्याही वर असते, तिथे शिडीच. म्हणजे कामासाठी एकदा चढायचं ते तो दोनदा चढला. वॉचमन ओळखीचे, त्यांनी चौकशी केली नाही. एकाने फक्त विचारलं, की रद्दीचा धंदा सुरू केला का. रोज दोन-तीन वह्या पिशवीत घालून तो घरी यायचा, वळणावर जरा जास्त वेळ हवा बघायचा, आणि वर येऊन पिशवी दाराशी टेकवताना असा सुस्कारा टाकायचा की बायको न विचारता पाण्याचा पेला पुढे करायची.

रविवारी दुपारी तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर वह्या मांडल्या आणि तारखांप्रमाणे कागदाच्या खुणा घालायला बसली. दवाखान्यातली शिस्त. पहिल्या पाच वह्या झाल्या, सहावी झाली. सातवीत ती अडली. मागे गेली, पुन्हा पुढे आली, मग बाजूच्या दोन वह्या उघडून तेच दिवस काढले.

"अहो," ती म्हणाली, "ही पानं एवढी स्वच्छ कशी?"

तो पायाला गरम पाण्याची पिशवी लावून बसला होता. "कुठली?"

"ही बघा. साडेतीन वर्षांमागची. सगळीकडे तुमचा काळा अंगठा आहे, आणि मधे हे तीन आठवडे कुठेच नाही. सह्या आहेत. त्या तीन आठवड्यांत हात धुऊन सही करायचा नियम निघाला होता का?"

तो उठला, टेबलाशी आला आणि उभ्या उभ्याच एकेक पान बघत गेला. सगळ्या सह्या एकाच पेनाच्या, एकाच कलाच्या, जरा घाईतल्या. त्याने पाण्याची पिशवी टेबलावर ठेवली. खुर्ची ओढून बसला.

"ती भिंत," तो म्हणाला.

मग तिलाही आठवलं. तिकडे दोघा भावांच्या घरात मधे भिंत घालायची होती आणि कागदावर याची सही हवी होती. रजा सगळी संपलेली. इकडचे साहेब म्हणाले होते, तुमचं तुम्ही बघा, मला काही सांगू नका, फक्त वही कोरी दिसता कामा नये. पाच दिवसांचं काम. पण तिकडच्या कचेरीचा अनुभव असल्यामुळे वरखालीने एका रविवारी अकराही मशीन रूम चढून तीन आठवड्यांच्या सह्या आधीच करून ठेवल्या. पुढची पानं उघडून, नुसत्या खाली सह्या. वरच्या खुणा कप्पीने एकट्याने काम करून भरल्या. तिकडच्या साहेबांनी आज या, उद्या या करत एकोणीस दिवस लावले. एका सहीसाठी माणूस गेला आणि इकडे तेहतीस सह्या ठेवून गेला. ती रजा नव्हती, म्हणून रजांच्या हिशेबात आलीच नाही.

"मी कशी विसरले," बायको म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "तुम्ही घरात नसल्याचं विशेष जाणवलं नसेल."

तो हसला नाही. ती बेरीज करत होती हे त्याला दिसत होतं. त्याचीही झाली होती. एकशे सत्त्याऐंशी. सात दिवस जास्त.

पण वहीत तो त्या एकोणीस दिवशी इथेच होता. स्वतःच्या हाताने तसं लिहून ठेवलं होतं, तेहतीस वेळा. शिक्का असता तर बोलला असता, आणि शिक्क्याचा ढग झाला होता. बायकोने वह्या मिटल्या, टेबल पुसलं आणि म्हणाली, की कपडे वाळत घालायचे आहेत.

सोमवारी नवव्या इमारतीच्या मशीन रूममध्ये त्याने कप्पीला सांगितलं. कप्पी स्टुलावर बसून डबा खात होता. शांतपणे ऐकून घेतलं, जी त्याच्या दृष्टीने मोठीच गोष्ट होती.

"मग अडचण कुठे आहे?" तो शेवटी म्हणाला. "वहीत तू होतास. झालं."

"मी नव्हतो."

"ते तुला माहीत. वहीला नाही." कप्पीने डब्याचं झाकण लावलं. "आणि माझाही विचार कर की जरा. मी तीन आठवडे एकट्याने लिफ्ट उघडत होतो. माझी दोन वर्षं राहिली आहेत. हे बाहेर आलं तर मला घरी बसवतील, आणि घरी बसवलं तर तुझी वहिनी मला घरात बसू देणार नाही."

वरखालीने पान्याचं ग्रीस पुसायला घेतलं. कप्पी पुढे म्हणाला, "तू गप राहिलास तर तू तपासनीस. इस्त्रीच्या शर्टात येऊन माझ्याच कामात खोड्या काढशील, वही उघडशील आणि विचारशील, काय हो, ही सही कधी केलीत? पण चालेल. मी तुला साहेब म्हणेन. आधीपासून सराव करतो. उठा साहेब, खड्ड्यात उतरायची वेळ झाली."

तो उठला. खड्ड्यात उतरताना दोन्ही हातांनी शिडी धरावी लागली. खाली टेकलेल्या गुडघ्याखाली गार पाणी होतं, आणि त्याला खुर्ची आठवत होती. साधी, लाकडी, हात नसलेलीसुद्धा चालली असती.

त्या आठवड्यात तो नेहमीपेक्षा कमी बोलला, म्हणजे जवळजवळ नाहीच. बायकोने फक्त एकदा विचारलं, यादीत किती लिहू. तो म्हणाला, भिंतीच्या फेरीची ओळ कोरी ठेव, मी तिथे गेल्यावर लिहीन. तिने बावीस वह्या दोन पिशव्यांत भरून दिल्या. कार्यालयाच्या दिवशी सकाळी त्याचा शर्ट तिने दोनदा इस्त्री केला, आणि आज पिशवीत काय घालायचं, काय नाही, यावर एक शब्द बोलली नाही. यावरूनच तिला किती काळजी लागली होती ते कळावं.

नागरिकत्वाचं कार्यालय चौथ्या मजल्यावर. लिफ्टच्या दारावर कागद चिकटवला होता, 'बंद आहे'. वरखालीने सवयीने दाराला कान लावला. आत विजेचा रिले टकटक करत होता. दाराचा संपर्क सैल झालाय, दहा मिनिटांचं काम. त्याने पिशव्या उचलल्या आणि जिना धरला. दोन मजल्यांनंतर थांबायला इथे खिडकीसुद्धा नव्हती. तो नुसताच भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. वरून उतरणाऱ्या एका बाईने, बरं वाटत नाहीये का, म्हणून विचारलं.

खिडकीतल्या बाई पन्नाशीच्या, गळ्यात दोरीने चष्मा अडकवलेल्या. समोर फाइलींची चळत, बाजूला अर्धा राहिलेला थंड चहा. त्यांनी यादी घेतली, चष्मा चढवला, पिशव्यांतून निघणाऱ्या वह्या बघून उतरवला आणि पुन्हा चढवला. लोक वीजबिलं आणतात, शाळेचे दाखले आणतात, एकाने दाढीच्या दुकानदाराचं पत्र आणलं होतं, असं त्या म्हणाल्या, हे पहिल्यांदाच. त्याने वह्या काय आहेत ते सांगितलं. त्यांनी एक उघडली, दुसरी उघडली, इकडचं-तिकडचं पान बघितलं आणि खूश झाल्यासारखं तोंड केलं.

"पक्कं काम आहे," त्या म्हणाल्या. "दर आठवड्याला अकरा सह्या. यादीतल्या एकशे अडुसष्ट दिवसांव्यतिरिक्त तुम्ही इथेच होतात, असं मी लिहिते. सही करा. सहा आठवड्यांत दाखला घरी येईल."

जाहिरातीची मुदत संपायला नऊ आठवडे होते. त्यांनी पेन पुढे केलं.

तो पेन हातात घेऊन बसून राहिला. त्याला खरं बोलण्याचा मोठा उमाळा वगैरे आला, असं कोणी सांगितलं तर ते पदरचं आहे. त्याला एवढंच दिसत होतं, की खाली सही करायची जागा आहे, वरचं सगळं कोरं असल्यासारखं आहे आणि तो पुन्हा एकदा आधीच सही करणार आहे. मागच्या तेहतीस सह्यांसाठी तो अकरा शिड्या चढला होता. ही चौतिसावी. आणि ही केली की पुढे खुर्चीत बसून रोज दुसऱ्यांच्या वह्यांत हेच शोधायचं. त्याला एकदम फार थकल्यासारखं झालं.

"एकोणीस दिवस राहिलेत," तो म्हणाला.

बाईंनी वर बघितलं.

त्याने कोरी ओळ भरली आणि कागद परत सरकवला. मग त्या वह्यांतली स्वच्छ पानं काढून दाखवली. या तारखेपासून या तारखेपर्यंत, तो म्हणाला, सही माझी आहे, मी नव्हतो. काम झालेलं आहे, लिफ्ट नीट चालल्या, पण मी तिकडे होतो.

बाईंनी पेन परत घेतलं. मग म्हणाल्या, "तुम्ही माझं काम वाढवलंत. ही पानं खोटी, तर बाकीची खरी कशावरून?"

"जिथे अंगठा काळा आहे, तिथे मी होतो."

त्यांना ते आधी कळलं नाही. त्याने पान वळवून कोपरा दाखवला. त्यांनी टेबलाच्या खणातून एक भिंग काढलं, बहुधा पासपोर्टचे शिक्के बघायचं, आणि वाकून बघत राहिल्या. काळ्या ठशात अर्ध्यातून गेलेली आडवी पांढरी रेघ. दुसरं पान. तिसऱ्या वहीतलं मधलंच एक पान. तीच रेघ. मग त्यांनी फाइल उघडून यंत्राने घेतलेला त्याचा ठसा काढला आणि वहीशेजारी ठेवला. मागच्या रांगेतला माणूस खोकून आपण उभे असल्याची आठवण देत होता. त्यांनी मान न वळवता त्याला हाताने थांबवलं.

"बसा तिकडे," त्या म्हणाल्या.

तो बाकावर बसला. बाक कडक होता, पण बसायला मिळालं होतं. पाऊण तास त्या वह्या चाळत होत्या, मधे उठून आतल्या साहेबांकडे गेल्या, परत आल्या. मग त्यांनी त्याला बोलावलं आणि आवाज खाली आणून बोलल्या. बाकीचे दिवस त्यांनी मान्य केले होते. तसं लिहूनही ठेवलं. पण एकशे सत्त्याऐंशीचे एकशे ऐंशी करता येत नाहीत, ना त्यांना, ना साहेबांना. अर्ज आज फेटाळला गेला, तर फेटाळलेला म्हणून कायमचा दिसत राहील. त्यापेक्षा मागे घ्या.

"आणि मग?"

"मग थांबा. तुमची ती बेचाळीस दिवसांची पहिली फेरी पाच वर्षांपूर्वीची व्हायला आली आहे. तीन महिने थांबलात तर त्यातले सात दिवस जुने होऊन आपोआप गळतील."

"मी काही न करता?"

"काही न करता. फक्त कुठे जाऊ नका."

"कुठे जायची ताकद नाही," तो म्हणाला, आणि बाई पहिल्यांदा हसल्या.

एकट्याने लिफ्ट उघडली त्या दुसऱ्या माणसाचं काय, हे त्याने स्वतःच चाचरत विचारलं. त्या म्हणाल्या, माझ्याकडे माणसं कुठल्या देशात होती ते बघतात, कुठल्या लिफ्टमध्ये होती ते नाही. वह्या त्यांनी परत केल्या. वर म्हणाल्या, तुम्ही लिफ्टवालेच आहात तर जाता जाता खालची ती बघता का. त्याने सांगितलं, की ती दुसऱ्या कंपनीची आहे, आणि एकट्याने उघडत नाहीत.

घरी आला तेव्हा बायकोने पिशव्यांकडे बघितलं, मग त्याच्या चेहऱ्याकडे, आणि काय झालं ते सांगायची गरज उरली नाही. तरी त्याने सांगितलं. ती ऐकत होती. तपासनिसाच्या जागेचं ती एकदाही बोलली नाही. शेवटी म्हणाली, "त्यांच्याकडे आधीपासून नोंद होती का हो, त्या एकोणीस दिवसांची?"

"विचारलं नाही."

"मी विचारलं असतं."

"म्हणून तू नागरिक," तो म्हणाला. तिने त्याच्या पुढ्यातला कप उचलला, विसळला आणि जागेवर ठेवला. परदेशी पाहुण्यांचा नियम त्या दिवसापुरता शिथिल झाला. दुसऱ्या दिवशीपासून पुन्हा लागू.

कप्पी चार दिवस करकरला. पाचव्या दिवशी, आपलं नाव कुठेच गेलेलं नाही याची खात्री पटल्यावर, तो म्हणाला, की साहेब म्हणायचा सराव मी करून बसलो होतो, फुकट गेला. त्या आठवड्यात त्याला मुलीकडे जायला दोन दिवस हवे होते. वही उघडून पेन हातात घेतलं, वरखालीकडे बघितलं आणि पेन परत खिशात ठेवलं. कंपनीला फोन करून बदली माणूस मागितला. कंपनीने नाही म्हटलं. कप्पी मुलीकडे गेला नाही, आणि त्याबद्दल पुढचे पंधरा दिवस वरखालीला ऐकून घ्यावं लागलं. दोन दिवस लिफ्ट बंद ठेवा असं लिहून द्यायला कंपनीला का भाग पाडलं नाहीस, या वरखालीच्या प्रश्नावर कप्पी आणखी जोरात ओरडला. ओरडायला उत्तर लागत नाही.

मुदत संपली. जागा भरली. पुढची जागा सुटेल तेव्हा वरखाली पंचावन्नच्या आत असेल किंवा नसेल, दोन-चार महिन्यांचा खेळ. बायकोने कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला एक तारीख लिहून ठेवली होती, अर्ज पुन्हा करायची, आणि रोज सकाळी दार उघडताना ती त्याला उरलेले दिवस सांगायची. सत्तावीस. सव्वीस. तिकडून भावाचा फोन आला, की भिंतीला भेग गेली आहे, येऊन जा. वरखाली म्हणाला, महिनाभर भिंतीला धीर धरायला सांग.

नवा तपासनीस आला तेव्हा तीन दिवस उरले होते. तिशीतला, शर्ट कडक इस्त्रीचा. लिफ्टमधून वर आला, शिडीवरून मात्र दोघांनी मिळून त्याला मशीन रूममध्ये ओढून घ्यावं लागलं. ब्रेक बघितला, तारा बघितल्या, समाधान झालं. मग त्याने वही उघडली आणि दोन बोटांनी पान धरून नाक मुरडलं.

"ही काय दशा आहे वहीची? सगळ्या पानांना ग्रीस. सही करायच्या आधी हात पुसत जा."

कप्पीने तोंड मोटरकडे फिरवलं. त्याचे खांदे हलत होते.

"बरं साहेब," वरखाली म्हणाला. वही हातात घेतली, फडफडणारं पान अंगठ्याने कोपऱ्यात दाबलं, आणि सही केली.

त्या संध्याकाळी तो दुसऱ्या मजल्याच्या वळणावर नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबला. पिशवी खालीच ठेवली होती, हातात घेतली नव्हती. पाइपमधून पाणी गळत होतं. वरून दार उघडल्याचा आवाज आला आणि बायकोने कठड्यावरून वाकून विचारलं, "हवा कशी आहे?"

"तशीच," तो म्हणाला. मग पिशवी उचलली. अजून अठरा पायऱ्या होत्या.